बॉयलरवाल्याचं केनिया

सुरुवातीलाच सांगून टाकतो, केनियाला लोक सिंह बघायला जातात, मी पण त्याचेच पैसे भरले होते, पण हे जे लिहून राहिलो ते वाफेबद्दल आहे. सिंहांचे फोटो साडूभाऊंकडे आहेत, 1,400 आहेत, ज्याला पाहायचे त्यानं त्यांच्याकडं जावं अन् वेळ काढून जावं.

माझी 34 वर्षं पॉवर हाऊसमध्ये गेली, त्यातली बरीचशी बॉयलरवर. नागपूरच्या भोवती पॉवर हाऊस काही कमी नाहीत, कोणतं ते जाऊ द्या. एवढंच सांगतो की 210 मेगावॅटचं एक युनिट फुल लोडवर चालवायला दिवसाला तीन-साडेतीन हजार टन कोळसा लागतो, त्यातला एक तृतीयांश राख होऊन बाहेर येतो, अन् पावसाळ्यात तो कोळसा ओला होऊन बंकरमध्ये असा चिकटतो की पोरं सब्बल घेऊन ठोकत बसतात. हे सगळं कशासाठी, तर पाण्याची वाफ करायसाठी. एवढं डोक्यात ठेवा, पुढं कामाचं आहे.

प्लॅन साडूभाऊंचा. ते बँकेतून रिटायर, एक्सेल शीट केल्याशिवाय चहा पण पीत नाहीत. त्यांच्या शीटमध्ये तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं "नैवाशा, हेल्स गेट, सायकलिंग". मी नकाशा उघडला तर हेल्स गेटच्या आतच ओलकारिया, म्हणजे जमिनीतल्या वाफेवर वीज करणारी पॉवर हाऊसं. हे नाव मला ड्युटीवर असल्यापासून माहीत, ट्रेनिंगला एका साहेबानं स्लाइड दाखवली होती, जिराफ उभा अन् मागं कूलिंग टॉवरमधून वाफ. तेव्हा आम्ही हसलो होतो. मग मी काहीच बोललो नाही, गुपचूप पैसे भरले. हिची एकच अट, पोळ्याच्या आत घरी.

दिवस पहिला

नागपूर-मुंबई, मुंबईत सहा तास बसणं, मग नैरोबी. यलो फीव्हरची लस निघायच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, ते पिवळं कार्ड पासपोर्टला पिन मारून ठेवा, परत येताना आपल्याकडंच मागतात. व्हिसाच्या जागी आता ऑनलाईन परवानगी आहे, ते काम साडूभाऊंनी केलं अन् चार दिवस सगळ्यांना ऐकवलं.

खरी भानगड झाली ती प्लॅस्टिकची. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड मजबूत आहे. हे आम्हाला कळलं विमानतळावर जायच्या आदल्या रात्री, तोपर्यंत हिनं अन् माझ्या मेहुणीनं चिवडा, शंकरपाळे, तिखट, मेतकूट, सगळं पिशव्यांत बांधून सुतळ्या पण मारल्या होत्या. मग रात्री अकराला घरातले सगळे स्टीलचे डबे बाहेर. बॅगचं वजन चार किलोनी वाढलं. "भाऊजी, तुमचे दोन शर्ट काढा," मेहुणी म्हणाली, अन् काढले नं, सांगता कुणाला.

दिवस दुसरा

नैरोबीत फक्त झोपलो. सकाळी व्हॅन. ड्रायव्हर कमी बोलणारा पण हसतमुख, त्याच्या तोंडून "गारी" ऐकलं तेव्हा आम्ही चौघंही एकमेकांकडं बघून राहिलो, गाडीला तिथं गारीच म्हणतात, दुकानाला दुका, अन् चपातीला चपातीच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे बांधायला आपल्याकडून मजूर नेले होते, हजारोंनी नेले, त्यातले अडीच हजाराच्या आसपास तिथंच मेले. मागं काय राहिलं तर रूळ अन् हे शब्द.

तासाभरानं रस्त्याच्या कडेला रिफ्ट व्हॅलीचा व्ह्यू पॉइंट. खाली बघितलं की जमीन एकदम खाली गेलेली, पलीकडं लोंगोनोट ज्वालामुखीचा डोंगर, बोडक्यासारखा. इथं आफ्रिका खंड मधून फाटून राहिला, वर्षाला काही मिलिमीटर, म्हणून जमिनीचं कवच ताणून पातळ झालं अन् खालचा तापलेला रस वर सरकला. पावसाचं पाणी भेगांतून खाली जातं, तापतं, वर झाकणासारखा दगड असला की तिथंच दाबाखाली कोंडून राहतं. म्हणजे निसर्गाचा बॉयलर, फक्त कोळसा घालायची भानगड नाही.

साडूभाऊ म्हणाले, "आपला सीताबर्डीचा किल्ला पण ज्वालामुखीच्याच दगडावर आहे नं? मग आपल्याकडं काऊन नाही?"

म्हटलं भाऊ, आपला रस साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला अन् तेव्हाच थंड झाला. नागपूरची गर्मी वरून येते, खालून नाही.

दुपारी नैवाशा तळं. 1,880 मीटर उंचीवर आहे, ऑगस्टात स्वेटर लागतं, आम्ही नागपूरचे लोक, स्वेटर म्हटलं की खूश. बोटीत बसून पाणघोडे बघितले. त्याच्यापेक्षा मला तळ्याच्या दक्षिणेच्या रस्त्यानं जाताना जे दिसलं ते जास्त भावलं, मैलोन्‌मैल गुलाबाची ग्रीनहाऊसं, फुलं इथून विमानानं युरोपात जातात. त्यातलं ओसेरियन नावाचं एक फार्म ओलकारियाच्या विहिरीच्या उष्णतेवर चालतं. मला आधी कळेना, विषुववृत्तावर ग्रीनहाऊस गरम काऊन करायचं बाप्पा? तर रात्री थंडी अन् दमटपणा असतो, पानांवर बुरशी येते, थोडी ऊब दिली की हवा कोरडी राहते अन् औषध कमी मारावं लागतं. विहिरीतून वाफेसोबत कार्बन डायऑक्साइड येतो तो पण झाडांनाच देतात. आपला संत्रावाला हे ऐकून काय म्हणेल याचा विचार करत झोपलो.

दिवस तिसरा

हा दिवस जरा सविस्तर.

सकाळी सातला हेल्स गेट. 1984 पासून हे नॅशनल पार्क आहे, इथं सिंह नाहीत म्हणून पायी फिरू देतात, सायकल पण भाड्यानं मिळते. झेब्रे, हरणं, रानडुकरं बाजूला चरत असतात अन् तुम्ही त्यांच्यामधून पायडल मारत जाता. बायकांनी व्हॅन पकडली, आम्ही दोघं साडू सायकलवर. साठीच्या पुढं मातीच्या रस्त्यावर आठ किलोमीटर सायकल मारायची नसते हे मला तिथं समजलं. फिशर्स टॉवर म्हणून एक दगडी सुळका आहे, ज्वालामुखीच्या तोंडात गोठलेला लाव्हा, बाकीचं झिजून गेलं अन् हा उभा राहिला.

पार्कातच एक खोल दरी आहे, ती बंद असते का चालू ते पावसावर आहे. 2012 ला तिथं एकदम पूर येऊन सात जण वाहून गेले होते, त्यामुळं वर ढग दिसले की गाईड नाही म्हणतो अन् आपण ऐकायचं. आमचं नशीब, ऊन होतं. खाली अरुंद घळ, दोन्ही बाजूंनी भिंती, अन् एका ठिकाणी भिंतीतूनच गरम पाणी झिरपून राहिलं होतं. मी बोट लावलं, पटकन काढलं. आमच्यासोबतचा मसाई पोरगा हसला, म्हणे लोक इथं अंडी उकडतात. वर आलो तर बबून माकडानं मेहुणीच्या हातातला संत्रा बर्फीचा डबा पळवला, स्टीलचा डबा, झाकण कसं उघडलं देव जाणे, बर्फी खाऊन डबा तिथंच टाकून गेला. डबा सापडला म्हणून मेहुणी खूश.

मग रस्ता वळला अन् आवाज आला. तो आवाज मी झोपेत पण ओळखतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यावर येतो तो. ड्रायव्हर म्हणाला विहीर आहे. साडूभाऊंनी कानात बोटं घातली, मी काच खाली केली.

पाइपच पाइप, डोंगर चढून उतरून जाणारे, वर अॅल्युमिनियमचं आवरण, ठरावीक अंतरावर चौकोनी वळण, म्हणजे एक्स्पान्शन लूप, तापल्यावर लांबी वाढते ती खायला. आमच्याकडे पण असतात, पण इथं काही ठिकाणी लूप आडवा न घेता उभा घेतलाय, कमानीसारखा, खालून जिराफ जावा म्हणून! आम्ही दहा मिनिटं थांबलो, जिराफ नाही पण झेब्र्यांचा कळप त्या कमानीखालून गेला, एकानं पाइपाच्या खांबाला पाठ घासली अन् गेला.

प्लांटच्या आत जायला आधीपासून परवानगी काढावी लागते, ती आम्ही काढली नव्हती, साडूभाऊंच्या शीटमध्ये ती ओळच नव्हती. मग बाहेरून जे दिसलं ते. पहिला फटका बसला तो म्हणजे चिमणी नाही. कोळशाचं यार्ड नाही, वॅगन टिपलर नाही, कन्व्हेयर नाही, राखेचा बंधारा नाही. एक टर्बाइन हॉल, शेजारी कूलिंग टॉवर, संपलं. अर्धं पॉवर हाऊस कुणीतरी कापून नेल्यासारखं. "अहो, तुम्ही रडताय की काय?" ही म्हणाली. रडत नव्हतो, गंधकाचा वास होता, सडक्या अंड्यासारखा, डोळ्याला लागतो.

तिथून पुढं ओलकारियाचा स्पा. विहिरीतलं पाणी वाफेपासून वेगळं झालं की त्यातलं थोडं थंड करून निळ्या दुधासारख्या तलावांत सोडतात, लोक त्यात डुंबतात. बायका पाय सोडून बसल्या, साडूभाऊ गळ्यापर्यंत उतरले अन् फोटो काढा फोटो काढा करत राहिले. मी कँटीनमध्ये चहा घेऊन बसलो होतो, तिथं तिथल्याच एका युनिटवर शिफ्ट करणारा पोरगा भेटला, सुटीवर बायको-लेकराला घेऊन आला होता. मी सांगितलं मी कोळशावाला. त्यानं खुर्ची ओढली.

त्याचा पहिला प्रश्न, दिवसाला किती टन? मी सांगितलं. तो म्हणाला रोज? म्हटलं रोज, दिवाळीला पण.

मग माझे प्रश्न. प्रेशर किती? टर्बाइनच्या तोंडाशी पाच बारच्या आसपास, दीडशे डिग्री. मी हसलो, आमच्याकडं 130 किलो (किलो अन् बार साधारण सारखेच) अन् 540 डिग्री असतं, ही वाफ आम्ही हिशोबात पण नसती धरली. पण मग त्याची पण किंमत मोजावी लागते, आमच्याकडं एका मेगावॅटला तासाला तीन टन वाफ लागते, यांना सात ते नऊ टन. म्हणून एवढे पाइप, एवढ्या विहिरी. विहीर काही आपल्या आडासारखी नाही, दोन-तीन किलोमीटर खोल, तेलाच्या विहिरीसारखी रिग लावून खणतात, तळाशी 300 डिग्रीच्या वर जातं. वर येतं ते पाणी अन् वाफ मिसळून, सेपरेटरमध्ये वाफ वेगळी करायची अन् पाणी परत दुसऱ्या विहिरीतून जमिनीत सोडायचं, नाहीतर खालचा साठा आटतो अन् पाण्यातले क्षार बाहेर पसरतात. राखेचा त्रास नाही, पण सिलिका पाइपात बसते. अन् हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो, पॅनलचे काँटॅक्ट काळे पडतात, घरातला टीव्ही पण लवकर जातो म्हणे.

मी विचारलं, रात्री लोड पडला, म्हणजे विजेची मागणी कमी झाली की काय करता? आमच्याकडं कोळसा दळायची मिल बंद करतो, कोळसा कमी करतो. तो म्हणाला विहीर सारखी उघड-बंद करता येत नाही, आतलं केसिंग, म्हणजे विहिरीचा लोखंडी पाइप, खराब होतं, मग कधीकधी वाफ तशीच हवेत सोडतो. हे सांगताना त्याचं तोंड असं झालं की मला लगेच कळलं, हा खरा ऑपरेटर. फुकटची असली तरी वाफ वाया गेली की पोटात दुखतंच.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली, सगळ्याच विहिरी लागत नाहीत. एकेक विहीर म्हणजे पन्नास-साठ लाख डॉलर, खणून झाल्यावर कळतं आत वाफ आहे की नुसता गरम दगड. कोळशाच्या प्लांटमध्ये पैसा आयुष्यभर थोडा थोडा जळतो, इथं सुरुवातीलाच एकगठ्ठा, अन् तो पण जुगारासारखा.

रात्री हॉटेलवर बसून इतिहास जोडला. इथं पहिली विहीर 1956 ला खणायला घेतली, त्या दोन विहिरींतून काही चालण्यासारखं निघालं नाही, सोडून दिलं. तेलाचे भाव भडकले 1973 ला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पैशातून परत रिग आली. 1981 ला 15 मेगावॅटचं पहिलं युनिट, 1985 पर्यंत तीन, म्हणजे 45. मग पंधरा वर्षं जवळजवळ सामसूम, कारण धरणाची वीज स्वस्त पडायची. 1999-2000 ला दुष्काळ पडला, धरणं आटली, लोडशेडिंग सुरू झालं, तेव्हा डोळे उघडले. 2003 ला ओलकारिया दोन, 2014 ला एकाच वर्षात 280 मेगावॅट, 2019 ला ओलकारिया पाच. आता देशभराचे मिळून 900 मेगावॅटच्या वर गेलेत, अन् देशाच्या विजेतला 40 टक्क्यांहून जास्त वाटा या वाफेचा. आता गंमत बघा, आपल्या एकट्या कोराडीची 660 ची तीन युनिटंच 1,980 होतात. म्हणजे अख्ख्या देशाची जमिनीतली वीज आपल्या एका पॉवर हाऊसच्या अर्ध्याइतकी, पण त्यावर त्यांचा जवळजवळ अर्धा देश चालतो.

सगळं छान छान नाही. त्या मसाई पोरानं परत येताना एका दिशेला हात केला, म्हणे ओलकारिया चारसाठी 2014 ला त्या बाजूची गावं उठवली, दीडशेच्या आसपास घरं, नवीन वस्ती दिली, पक्की घरं, शाळा, पण जमीन उताराची, गुरांना अडचण, पैशांवरून भांडणं. तक्रार वर्ल्ड बँकेपर्यंत गेली. मी गप्प बसलो. उमरेडकडं, सावनेरकडं खाणीसाठी उठलेली गावं मी पाहिलीत, तिथल्या म्हाताऱ्यांची बोलणी याच्यापेक्षा वेगळी नाहीत.

दिवस चौथा

नाकुरू. तळ्यावर फ्लेमिंगो थोडेच. दुपारी मेनेंगाई, हे एक प्रचंड ज्वालामुखीचं तोंड आहे, आत नव्वद चौरस किलोमीटर जागा, काठावर उभं राहिलं की खाली काळा लाव्हा अन् झुडपं अन् मध्ये पांढऱ्या वाफेचे दोन-तीन झेंडे.

इथं सरकारनं डोकं चालवलं. 2008 ला एक वेगळी सरकारी कंपनीच काढली, जीडीसी, तिचं काम फक्त विहिरी खणणं. जुगार सरकार खेळणार, वाफ लागली की खाजगी कंपनीला वाफ विकणार, तिनं टर्बाइन लावायचं. कागदावर झकास. पण इथं रिग लागली 2011 ला अन् पहिलं 35 मेगावॅटचं पॉवर हाऊस चालू झालं 2023 ला. बारा वर्षं वाफ तयार अन् टर्बाइन नाही! साडूभाऊ म्हणाले कर्जाच्या फायली असतील अडकलेल्या, ते बँकेतले, त्यांना फायलीचा वास दुरून येतो. मधल्या काळात जीडीसीनं त्याच उष्णतेवर दूध तापवून पाश्चराइज करायचं, मासे वाढवायचे, कपडे धुवायचं असे छोटे प्रयोग करून दाखवले, मला ते मोठ्या प्लांटपेक्षा आवडले, आपल्याकडं नांदेडच्या उनकेश्वरला पैनगंगेच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत, लहानपणी आजी घेऊन गेली होती, खरूज जाते म्हणून, तिथं आंघोळ सोडून दुसरं काही करता येईल हे कुणाच्या मनात पण आलं नाही.

आपल्याकडं अगदीच काही नाही असं पण नाही. लडाखमध्ये पुगाला ओएनजीसीनं 2021 ला एक मेगावॅटच्या प्रयोगाचा करार केला, अन् चंद्रपूरच्या खाली तेलंगणात मणुगुरूला सिंगरेणीच्या कोळसावाल्यांनी 20 किलोवॅटचं छोटं यंत्र बसवलं, कोळशासाठी भोक मारलं अन् गरम पाणी लागलं. कोळशावाल्यांनीच करावं, बरं वाटलं मला.

दिवस पाचवा, सहावा

मसाई मारा. सिंह पाहिले, सात. हत्ती पाहिले. विल्डबीस्ट नदी ओलांडतात ते बघायला तीन तास उन्हात बसलो, ते काठापर्यंत आले अन् परत फिरले. वर म्हटलं तसं, फोटो साडूभाऊंकडे.

दिवस सातवा

परतीचं विमान. मुंबईत पिवळं कार्ड मागितलं, साडूभाऊंचंच बॅगेत तळाशी गेलं होतं, चाळीस मिनिटं गेली, मी काही बोललो नाही, फक्त घड्याळ बघितलं दोन-तीनदा.

मुंबईच्या विमानतळावर बसल्या बसल्या ही एकदम म्हणाली, "अहो, हे काय झालं?" अन् पाय पुढं केला. चांदीची जोडवी, लग्नातली, पार काळी कुट्ट. मेहुणीची पण तशीच. दोघी स्पाच्या पाण्यात तासभर पाय सोडून बसल्या होत्या नं, गंधकाच्या हवेत. मी समजावून सांगायला लागलो की हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागला की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, ही म्हणाली ते राहू द्या, जातं का ते सांगा.

घरी आल्यावर रिठ्याच्या पाण्यात ठेवली, मग दंतमंजनानं घासली. पोळ्याच्या दिवशी सकाळपर्यंत तीन जोडवी पांढरी झाली. चौथं इतवारीला सराफाकडं नेलं, त्यानं भिंगातून बघितलं अन् विचारलं, "काकू, पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये राहता का?"